तहान लावणारा कोण? : संत ऑगस्टिन आणि कृपेचा वाद

ईश्वराविषयींची तळमळ मनुष्याच्या अंतःकरणांत प्रथम कोठून येते? ज्याच्या ठिकाणीं ती दिसते त्याला आपण भाविक म्हणतों, त्याची प्रशंसा करतों, आणि ती करतांना मनांतल्या मनांत असें धरून चालतों कीं, ही तळमळ म्हणजे त्या मनुष्याची स्वतःची कमाई आहे. त्यानें मन वळविलें, देवाकडे पहिलें पाऊल टाकलें, मग देव त्याला भेटला. पाऊल आपलें आणि प्रसाद त्याचा, अशी ही सोपी वांटणी आहे. परंतु ख्रिस्ती धर्माच्या इतिहासांत एक काळ असा येऊन गेला कीं, ही वांटणी खरी कीं खोटी याविषयीं शंभर वर्षांहून अधिक काळ वाद चालला. त्यांत बिशप उतरले, पोप उतरले, रोमच्या बादशहाला हुकूम काढावा लागला, आणि दूरदूरच्या मठांतील साध्याभोळ्या संन्याशांची झोंप उडाली. तहानेल्याला पाणी देणारा देव, हें सर्वांनाच मान्य होतें. प्रश्न एवढाच होता कीं, तहान लावतो कोण?

या वादाच्या केंद्रस्थानीं जो पुरुष उभा आहे तो संत ऑगस्टिन. त्याचा जन्म इ. स. ३५४ मध्यें, रोमन साम्राज्याच्या अंमलाखालील उत्तर आफ्रिकेंत, थागास्ते या लहान गांवीं झाला. तें गांव आज अल्जीरियांत मोडतें व सूक अहरास या नांवानें ओळखलें जातें. बाप पॅट्रिशियस बेताच्या मिळकतीचा व जुन्या दैवतांना मानणारा. आई मोनिका ख्रिस्ती व मोठी निष्ठावान. मुलगा बुद्धीनें तल्लख निघाला. आईबापांनीं ओढाताण करून त्याला शिकविलें, आणि पुढें गांवांतील एका धनिकाच्या साहाय्यानें तो कार्थेज या मोठ्या नगरांत वक्तृत्वशास्त्र शिकण्यास गेला. तेथें विद्या मिळाली, कीर्तीची चटक लागली, आणि एका स्त्रीशीं विवाहावांचून संबंध जडला. तिच्यापासून त्याला पुत्र झाला. त्याचें नांव अदेओदातुस. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर देवदत्त. न मागतां आलेल्या देणग्यांचें माहात्म्य ज्याला पुढें जन्मभर सांगावयाचें होतें, त्याच्या मुलाचें नांव हें असावें, हा योग अर्थपूर्ण आहे.

वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, नेमलेल्या अभ्यासाचा भाग म्हणून, सिसेरोचा ‘हॉर्तेन्सियस’ हा ग्रंथ त्याच्या हातीं आला. तो ग्रंथ आज लुप्त झाला आहे. इतर लेखकांनीं घेतलेले उतारे तेवढे उरले आहेत. भाषेची ऐट शिकण्यासाठीं उघडलेल्या त्या ग्रंथानें या तरुणाच्या मनांत शाश्वत ज्ञानाची हांव उत्पन्न केली, आणि येथून त्याची भटकंती सुरू झाली. प्रथम तो मानी नांवाच्या प्रवर्तकाच्या पंथांत शिरला. प्रकाश आणि अंधार या दोन तत्त्वांच्या झगड्यानें जगांतील पापाचा उलगडा करणाऱ्या या पंथांत त्यानें सुमारें नऊ वर्षें काढलीं. मग त्यावरचाहि त्याचा विश्वास उडाला. कार्थेजचे विद्यार्थी दांडगाई करतात म्हणून ३८३ मध्यें तो रोमला गेला. रोमचे विद्यार्थी फी देण्याची वेळ आली कीं, दुसऱ्या शिक्षकाकडे पळतात असा तेथें त्याला अनुभव आला. तेव्हां ३८४ मध्यें मिलान येथील सरकारी अध्यापकाची जागा त्यानें पत्करली. मिलानचा बिशप अँब्रोज याचीं प्रवचनें केवळ वक्तृत्वाचा नमुना म्हणून ऐकावयास तो जाऊं लागला. परंतु शब्दांच्या मागोमाग अर्थहि आंत शिरूं लागला.

बुद्धीच्या शंका फिटल्या, तरी मन वळेना. ऑगस्टिनच्या चरित्रांतील खरी गांठ हीच आहे. ऐन तारुण्यांत त्यानें देवापाशीं इंद्रियनिग्रह मागितला होता. पण देव आपलें ऐकून तो ताबडतोब देऊन टाकील कीं काय, अशी धास्तीहि त्याच वेळीं त्याला वाटत होती, हें त्यानें स्वतःच लिहून ठेविलें आहे. मिलानमध्यें ही ओढाताण टोकाला गेली. मनानें हाताला हालण्यास सांगितलें तर हात तत्काळ हालतो. मग त्याच मनानें स्वतःला आज्ञा केली असतां तें कां ऐकत नाहीं? त्याला जें उत्तर सांपडलें तें असें कीं, मन आज्ञा करतें तीच मुळीं अर्धवट. एक भाग पुढें जाऊं पाहतो, दुसरा मागें ओढतो. पूर्ण इच्छा असती तर आज्ञेची गरजच पडली नसती. देवाची इच्छा व्हावी अशी इच्छा तर आहे, पण इच्छा मात्र होत नाहीं! श्रोतेहो, ज्यानें कधीं एखादी खोड सोडण्याचा मनापासून यत्न केला आहे, त्याला हें कोडें नवीन नाहीं.

इ. स. ३८६ च्या ऑगस्ट महिन्यांत एके दिवशीं मिलानमधील एका घराच्या बागेंत तो या यातनेनें रडत बसला असतां शेजारच्या घरांतून एका लहान मुलाचा गाण्यासारखा आवाज आला. ग्रंथ उचलून वाचावा, असा त्या बोलाचा अर्थ होता. त्यानें पौलाचीं पत्रें उघडलीं. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायांतील ओळींवर दृष्टि पडली, आणि जी गांठ वर्षानुवर्षें सुटत नव्हती ती सुटली. पुढल्या वर्षीं, म्हणजे ३८७ मध्यें, ईस्टरच्या रात्रीं अँब्रोजच्या हस्तें त्याचा बाप्तिस्मा झाला. बरोबर पुत्र देवदत्त होता, मित्र अलिपियस होता. ज्या आईनें या दिवसासाठीं वर्षानुवर्षें अश्रु ढाळले, ती मोनिका त्याच वर्षीं ऑस्तिया बंदरांत, मायदेशीं परततांना, कृतार्थ मनानें वारली.

आफ्रिकेंत परत आल्यावर ३९१ मध्यें हिप्पो या बंदराच्या शहरांतील लोकांनीं त्याला जवळजवळ बळेंच धर्मोपदेशक केलें, आणि चार-पांच वर्षांतच तो तेथील बिशप झाला. याच सुमारास त्यानें आपल्या आयुष्याकडे वळून पाहिलें. ३९७ च्या आसपास लिहावयास घेतलेला ‘कन्फेशन्स’ हा तेरा भागांचा ग्रंथ म्हणजे त्या पाहण्याचें फळ होय. लॅटिन भाषेंत त्या नांवाचे दोन अर्थ होतात : पापांची कबुली आणि देवाची स्तुति. हा संपूर्ण ग्रंथ देवाला उद्देशून लिहिलेला आहे. आत्मचरित्र आणि प्रार्थना हीं त्यांत वेगळीं करतां येत नाहींत. वळून पाहतां त्याला काय दिसलें? आपण सिसेरोचा ग्रंथ भाषेसाठीं उघडला, पण लाभली ती सत्याची भूक. आपण कार्थेज सोडलें तें दांडग्या मुलांना कंटाळून, रोम सोडलें तें बुडव्या विद्यार्थ्यांना कंटाळून, आणि जेथें पोहोंचलों तेथें अँब्रोज होता. आपण देवाला शोधीत होतों असें वाटत होतें. वस्तुतः कोणी दुसराच आपल्याला शोधीत होता. पळतांनाहि आपण त्याच्याच हातांतून पळत होतों. आपली अस्वस्थताच त्याची हांक होती.

हा झाला अनुभव. त्याचें तत्त्व कसें झालें, तें आतां पाहूं. आरंभीं ऑगस्टिनचेंहि मत आपल्या सोप्या वांटणीसारखेंच होतें : देव हांक मारतो, पण विश्वास ठेवणें तेवढें मनुष्याच्या हातीं. ३९६ च्या सुमारास, मिलानमध्यें ज्याच्याशीं त्याचा परिचय झाला होता त्या सिंप्लिशियन या वृद्ध गुरूनें पौलाच्या पत्रांतील कांहीं कठीण स्थळांचा अर्थ त्याला विचारला. उत्तर लिहितांना पौलाचा करिंथकरांस केलेला एक प्रश्न त्याला अडवूं लागला. तुमच्यापाशीं असें काय आहे कीं, जें तुम्हांला कोणाकडून मिळालेलें नाहीं, असा त्या प्रश्नाचा आशय आहे. मग विश्वास, इच्छा, ओढ यांनाच तेवढें वगळावयाचें कसें? आयुष्याच्या अखेरीस आपल्या सर्व ग्रंथांची उजळणी करतांना ऑगस्टिननें या उत्तराविषयीं लिहिलें आहे कीं, मनुष्याच्या स्वतंत्र इच्छेचा पक्ष राखण्यासाठीं आपण पुष्कळ झटलों, पण जय देवाच्या कृपेचाच झाला. हा निष्कर्ष निघाला तेव्हां प्रतिपक्षी अद्यापि समोर आलेला नव्हता, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

तो प्रतिपक्षी रोममध्यें होता. त्याचें नांव पेलागियस. जन्मानें ब्रिटनचा, वृत्तीनें विरक्त, आचरणानें निष्कलंक. त्याला दुष्ट ठरविण्याची पुढें रीतच पडली; पण त्याची चिंता खरी होती. साम्राज्यानें ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यापासून ख्रिस्ती म्हणविणें सोपें झालें होतें, आणि ख्रिस्ताप्रमाणें वागणें मागें पडलें होतें. मनुष्य दुर्बळ आहे, काय करणार, अशी सबब रोमच्या श्रीमंत घराण्यांतून त्याला रोज ऐकूं येत असे. अशा वेळीं एका बिशपानें त्याच्यासमोर ‘कन्फेशन्स’मधील एक प्रार्थना उच्चारली. देवानें हवी ती आज्ञा करावी, मात्र ती पाळण्याचें बळहि त्यानेंच द्यावें, असा तिचा भाव होता. हें ऐकून पेलागियस इतका संतापला कीं, त्या बिशपाशीं त्याचें भांडणच व्हावयाचें राहिलें. ज्या प्रार्थनेंत ऑगस्टिनला आपलें तारण दिसत होतें, तिच्यांत पेलागियसला आळशाची पळवाट दिसली. देवानें मनुष्याला विवेक दिला, धर्मशास्त्र दिलें, ख्रिस्ताचा कित्ता दिला. याच त्याच्या देणग्या. पुढें चालणें हें मनुष्याचें काम. न्यायी देव अशक्य गोष्टीची आज्ञा करीलच कसा, असा त्याचा सवाल होता.

४१० च्या ऑगस्टमध्यें आलारिकच्या गॉथ सैन्यानें रोम लुटलें. त्या धामधुमींत निर्वासितांबरोबर पेलागियस व त्याचा शिष्य सेलेस्तियस आफ्रिकेंत आले आणि वाद उघड्यावर आला. सेलेस्तियसला कार्थेजमध्यें दोषी ठरविलें गेलें. पेलागियस पॅलेस्टाइनला गेला आणि ४१५ मध्यें दिओस्पोलिस येथील सभेंत निर्दोष सुटला. आफ्रिकेचे बिशप स्वस्थ बसले नाहींत. ४१७ मध्यें पोप इनोसंट यांनीं पेलागियसविरुद्ध निर्णय दिला. त्यांच्यामागून आलेले पोप झोसिमस आरंभीं कचरले. ४१८ च्या एप्रिलमध्यें बादशहा होनोरियसनें पेलागियसच्या पक्षाला रोममधून हांकून देण्याचा हुकूम काढला, १ मे रोजीं कार्थेजच्या परिषदेनें निषेधाचे ठराव केले, आणि अखेर झोसिमसनींहि निषेधावर शिक्कामोर्तब केलें. अंतःकरणांतील एका नाजूक गोष्टीचा निवाडा बादशाही हुकमानें व्हावा, हें आज आपल्याला खटकतें, आणि खटकावेंच.

परंतु ऑगस्टिनला काय म्हणावयाचें होतें तें नीट समजून घेतलें पाहिजे. कृपा मनुष्याला दोरी बांधून ओढते असें तो म्हणत नाहीं. योहानाच्या शुभवर्तमानांत असें वचन आहे कीं, पित्यानें ओढल्यावांचून कोणी ख्रिस्ताकडे येत नाहीं. त्यावर प्रवचन करतांना ऑगस्टिननें हिप्पोच्या कोळ्या-शेतकऱ्यांना समजेल असे दाखले दिले. मेंढीला हिरवी डहाळी दाखवा, ती मागोमाग येते. लहान मुलाला अक्रोड-बदामासारखा खाऊ दाखवा, तें धांवत येतें. त्यांना कोणी फरफटत आणलें काय? तीं ओढलीं गेलीं खरीं, पण आवडीनें ओढलीं गेलीं. कृपा म्हणजे अशी आवड. मनुष्याच्या इच्छेला ती मारीत नाहीं, तिला गोडी लावते. आणि ज्या गोष्टीची गोडी लागली तिच्याकडे मनुष्य आपल्या पायांनींच चालत जातो. बागेंतला तो दिवस आठवा. अर्ध्या इच्छेची पूर्ण इच्छा त्याला स्वतःच्या हुकमानें करतां आली नव्हती. जें आपल्याला करतां आलें नाहीं, पण आपल्या ठिकाणीं घडलें, त्याला देणगी म्हणूं नये तर काय म्हणावें?

या सिद्धांताची दुसरी बाजू मात्र कठोर आहे. तहान जर देवाची देणगी, तर ती सर्वांना कां लागत नाहीं? ज्यांना ती मिळाली नाहीं त्यांचा दोष कोणता? ऑगस्टिननें याला दिलेलें उत्तर असें : कोणाचाच हक्क नव्हता, कांहींवर दया झाली, इतरांना न्याय मिळाला, आणि देवाचे निर्णय आपल्या बुद्धीच्या पलीकडचे आहेत. बाप्तिस्म्यावांचून मेलेल्या तान्ह्या बालकांनाहि त्यानें दंडांतून सोडलें नाहीं. येथें त्याचा तर्क त्याच्या अंतःकरणाहून लांब गेला, असें पुढच्या काळांतील अनेक ख्रिस्ती विचारवंतांना वाटलें. आणि आज तो ग्रंथ वाचणाऱ्यालाहि तसें वाटल्यावांचून राहत नाहीं.

त्याच्या हयातींतच ही अडचण मठांत जाऊन पोहोंचली. आजच्या ट्यूनिशियांत सूस म्हणून जें शहर आहे, तेथें त्या काळीं हाद्रुमेतुम होतें. तेथील मठांतल्या एका संन्याशानें ऑगस्टिनच्या एका जुन्या पत्राची नक्कल करून आणली, आणि ४२६ च्या सुमारास ती वाचून मठांत खळबळ उडाली. सर्व जर कृपेनेंच होतें, तर आम्ही चुकलों असतां मठाधिपतींनीं आम्हांला रागें कां भरावें? त्यांनीं फार तर आमच्यासाठीं प्रार्थना करावी, असें कांहीं म्हणूं लागले. प्रश्न भाबडा आहे, पण पोकळ नाहीं. वृद्ध बिशपानें त्यांना झिडकारलें नाहीं. त्यांच्यासाठीं दोन ग्रंथ लिहिले. त्यांचा मथितार्थ असा कीं, रागें भरणें, शिकविणें, झटणें हीं सर्व कृपेचींच साधनें आहेत. वैद्यानें दिलेलें औषध देवाच्या इच्छेनें गुण देतें म्हणून कोणी औषध टाकून देत नाहीं.

समुद्रापलीकडे, गॉल देशांत मार्सेय येथें जॉन कॅसियन नांवाचा अनुभवी मठाधिपति होता. ईजिप्तच्या वाळवंटांतील तपस्व्यांच्या सहवासांत त्यानें वर्षें काढलीं होतीं. त्याला दोन्ही टोकें पसंत नव्हतीं. तो विचारी : सदिच्छेचा आरंभ नेहमीं मनुष्याकडूनच होतो म्हणावें, तर ख्रिस्ती लोकांचा छळ करावयास निघालेल्या पौलाच्या ठिकाणीं ती सदिच्छा कोठें होती? आणि आरंभ नेहमीं देवाकडूनच होतो म्हणावें, तर ख्रिस्ताला पाहण्यासाठीं आपण होऊन झाडावर चढलेल्या जक्कयाचें काय? कधीं मनुष्याच्या मनांत उठलेली बारीकशी ठिणगी देव फुंकून फुलवितो. कधीं अंतःकरणाच्या गारगोटीवर आघात करून ती ठिणगीहि तोच पाडतो. असें त्याचें म्हणणें. अनुभवाला धरून बोलणारा हा मनुष्य पूर्वेकडील ख्रिस्ती मंडळींत आजहि संत म्हणून पूज्य आहे. कारण देवाची कृपा आणि मनुष्याचा यत्न दोन्ही हातांत हात घालून चालतात, असेंच त्या परंपरेचें पूर्वापार मत आहे.

ऑगस्टिननें ४२९ च्या सुमारास गॉलच्या मंडळींसाठीं दोन शेवटचे ग्रंथ लिहिले. त्यांत त्यानें पुन्हां आपल्या आईचा उल्लेख केला आहे : आपलें मन वळलें तें तिच्या रोजच्या अश्रूंच्या प्रार्थनेला मिळालेलें दान होतें. लगेच संकट आलें. व्हँडल लोकांनीं आफ्रिकेवर स्वारी केली आणि ४३० मध्यें हिप्पोला वेढा पडला. वेढ्याच्या तिसऱ्या महिन्यांत ऑगस्टिन तापानें अंथरुणाला खिळला. त्याचा शिष्य व चरित्रकार पोसिडियस सांगतो कीं, दाविदाचीं पश्चात्तापाचीं स्तोत्रें त्यानें लिहवून घेऊन बिछान्याजवळच्या भिंतीवर लावविलीं होतीं, आणि तीं वाचतांना त्याच्या डोळ्यांतून सतत पाणी वाहत असे. अखेरचे सुमारें दहा दिवस वैद्य व अन्न आणणारे यांवांचून कोणीहि आंत येऊं नये असें त्यानें सांगितलें होतें. २८ ऑगस्ट रोजीं, वयाच्या शहात्तराव्या वर्षीं, त्याचा अंत झाला. तीसांहून अधिक वर्षें ज्यानें कृपेचा पक्ष लढविला, तो शेवटच्या घटकेला विजयी पंडिताप्रमाणें निजला नव्हता. कृपेची याचना करीत निजला होता. त्याच्या सिद्धांतावर याहून बोलकें भाष्य दुसरें नसेल.

वादाचा निकाल लागला तो त्याच्यामागें नव्याण्णव वर्षांनीं. दक्षिण फ्रान्समधील ऑरेंज या गांवीं एका नव्या मंदिराच्या समर्पणासाठीं जमलेल्या बिशपांनीं, आर्लचा बिशप सीझेरियस याच्या नेतृत्वाखालीं, ३ जुलै ५२९ रोजीं पंचवीस ठराव केले. प्रार्थना केल्यामुळें कृपा मिळते एवढेंच खरें नव्हे, तर प्रार्थना करण्याची बुद्धिहि कृपेमुळेंच होते. विश्वासाची वाढच काय, पण विश्वास ठेवावा अशी जी पहिली ओढ, तीहि देणगीच आहे, असें त्यांनीं ठरविलें. परंतु त्याच बरोबर, देवानें कांहीं जणांना पापासाठींच नेमून ठेविलें आहे, ही कल्पना त्यांनीं स्पष्ट शब्दांत धिक्कारली. ऑगस्टिनच्या अनुभवाचा गाभा ठेवला आणि त्याच्या तर्काचें टोक बोथट केलें. ५३१ मध्यें पोप बोनिफेस दुसरे यांनीं या ठरावांना मान्यता दिली. नवल असें कीं, सुमारें दहाव्या शतकापासून हे ठराव नजरेआड झाले, आणि सोळाव्या शतकांत छापील संग्रह निघाले तेव्हां पुन्हां वर आले. त्याच शतकांत ऑगस्टिनच्याच नांवाच्या संन्याशी संघांतील मार्टिन लूथर यानें रोमशीं नातें तोडलें. दोन्ही पक्षांत अनेक गोष्टींवर रण माजलें. तरी १५४७ मध्यें ट्रेंटच्या परिषदेनेंहि हेंच सांगितलें कीं, मनुष्याच्या वळण्याचा आरंभ देवाच्या कृपेपासून होतो. पाश्चात्त्य ख्रिस्ती जगाचे दोन तुकडे झाले, पण या एका मुद्यावर दोन्ही तुकड्यांना ऑगस्टिन सोडवला नाहीं.

ठराव नजरेआड होते तेव्हांहि अनुभव मात्र नाहींसा झाला नव्हता. बाराव्या शतकांत क्लेअरव्होचा मठाधिपति बर्नार्ड यानें देवप्रीतीवर लिहितांना हाच विचार वेगळ्या तऱ्हेनें मांडला : ज्याला देव आधींच सांपडला नाहीं, त्याला त्याला शोधण्याची बुद्धिच होणार नाहीं. पुढें गणिती व शास्त्रज्ञ ब्लेझ पास्काल याला २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्रीं एक तीव्र साक्षात्कार झाला. त्याचें टिपण त्यानें आपल्या अंगरख्याच्या अस्तरांत शिवून ठेविलें होतें. १६६२ मध्यें तो वारल्यावर तें नोकराला सांपडलें. त्याच्या कागदपत्रांतहि शोधणाऱ्याला ख्रिस्त धीर देतो तो याच अर्थाचा : तूं शोधतो आहेस, यावरूनच ओळख कीं तुझी भेट झाली आहे.

श्रोतेहो, हा वाद आपल्याकडील कानांना अगदींच परका वाटणार नाहीं. रामानुजांच्या मागून दक्षिणेंतील श्रीवैष्णवांत याच प्रश्नावर दोन संप्रदाय झाले. माकडाचें पिलूं आईला स्वतः घट्ट धरून ठेवतें. मांजराच्या पिलाला आई तोंडांत धरून नेते. जीवानें देवाला धरावें, कीं देवानें जीवाला? जर्मन पंडित रुडॉल्फ ऑटो यांनीं भारतीय भक्तिमार्ग व ख्रिस्ती धर्म यांतील कृपेची तुलना करणारा एक ग्रंथच १९३० मध्यें प्रसिद्ध केला. आणि आपल्या महाराष्ट्रांत १८९५ मध्यें बाप्तिस्मा घेणारे कवि नारायण वामन टिळक सांगत कीं, आपण ख्रिस्ताकडे आलों ते तुकारामांच्या सेतूवरून. संतांच्या करुणापर अभंगांत वाढलेल्या मनाला कृपेची भाषा शिकावी लागली नाहीं. ती त्याला आधींपासून येत होती. दोन्ही धर्मांचे सिद्धांत एकच आहेत, असें मात्र यावरून कोणी समजूं नये. पण प्रश्न एकच होता, आणि तो प्रामाणिकपणें जगलेल्या माणसांना एकमेकांचें बोलणें कळलें.

या जुन्या भांडणापासून आज आपण काय घ्यावें? मला दोन गोष्टी घेण्यासारख्या वाटतात. पहिली अशी कीं, तळमळ ही जर देणगी असेल, तर तिचा अहंकार धरतां येत नाहीं. जो पूजाप्रार्थनेंत रमतो त्याला, न रमणाऱ्या शेजाऱ्याकडे वरून पाहण्याचा अधिकार उरत नाहीं. पेलागियसला माणसें सुधारावयाचीं होतीं, आणि तो हेतु थोर होता. पण स्वतःच्या बळानें सुधारलेला मनुष्य दुसऱ्याच्या दुर्बलतेला क्वचितच क्षमा करतो, हें त्यानें ध्यानांत घेतलें नाहीं. दुसरी गोष्ट त्यांच्यासाठीं, ज्यांना तळमळ वाटत नाहीं आणि ती वाटत नाहीं याचीच ज्यांना खंत आहे. पूर्वीं प्रार्थनेंत मन लागत असे, आतां शब्द तेवढे उरले, असें म्हणणारीं माणसें प्रत्येक धर्मांत आणि प्रत्येक पिढींत असतात. त्यांना पेलागियस सांगेल कीं, अधिक यत्न करा. ऑगस्टिन त्यांना मिलानच्या त्या बागेंत घेऊन जाईल, आणि सांगेल कीं, ही जी खंत तुम्हांला वाटते ती तुम्ही स्वतः निर्माण केलेली नाहीं. कोरड्या विहिरीला आपण कोरडी आहोंत हें कळत नसतें. जिला तें कळूं लागलें, तिच्या तळाशीं कोठें तरी झरा हालला आहे असें समजावें.